पोटातल्या बाळाची ‘डीएनए टेस्ट’: करायची का, आणि त्याआधी काय करायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, पहिलं गरोदरपण, आज १२ आठवडे ५ दिवस. डबल मार्करच्या (पहिल्या तीन महिन्यांतल्या रक्ताच्या चाळणी तपासणीच्या) रिपोर्टवर डाउन सिंड्रोमसाठी (२१ वं गुणसूत्र जादा असण्याचा जन्मजात दोष) १:१९० आणि पुढे लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. सोनोग्राफीत एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या पडद्याची जाडी, १.६ मिलिमीटर, बाकी सगळं व्यवस्थित. डॉक्टरबाई म्हणतात, एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळाची गुणसूत्रं मोजणारी तपासणी) करा किंवा बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासा. सासूबाईंना पोटात सुई नको आहे. यजमान म्हणतात, एकदाची डीएनए टेस्ट करून टाकू, म्हणजे सगळंच कळेल. विचारणारी पुढे लिहिते, ‘माझ्या मामेभावाला सिकलसेल होता, तेही त्यातच कळेल ना?’ नणंद अमेरिकेत असते, तिला दहाव्या आठवड्यात याच टेस्टमधून मुलगा की मुलगी तेसुद्धा सांगितलं होतं. माहेर चंद्रपूर, सासर नंदुरबारकडचं, राहणं पुण्यात.

मी अनुवांशिक समुपदेशनाचं काम करते, एकवीस वर्षं झाली. लाल अक्षरांतला रिपोर्ट हातात घेऊन, डोळे सुजलेल्या अवस्थेत आलेल्या जोडप्यांची गणती मी कधीच सोडून दिली. त्यामुळे त्या १:१९० ची भीती मला कळते, आणि तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितेच. पण तुमच्या प्रश्नात माझी नजर अडकली ती मामेभावाच्या ओळीवर. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, आणि ‘होता’ असं लिहिलं आहे. म्हणजे तो मुलगा गेला असणार.

आधी तेच बघू. मामेभाऊ एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला सिकलसेलचा रुग्ण असेल, तर मामा आणि मामी दोघंही एएस असणार. तुमच्याकडचे लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात तेच हे. एएस म्हणजे वाहक. त्या माणसाला काही त्रास नसतो, त्याचं हिमोग्लोबिनही चांगलं असू शकतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. मामा एएस, म्हणजे तुमच्या आजोबांकडे किंवा आजीकडे तो दोष होता. तुमच्या आईकडे तो उतरला असण्याची शक्यता निम्मी, आणि आईकडून तुमच्याकडे आला असण्याची पाव. चारात एक. आता यजमानांचं बघा. नंदुरबार हा सिकलसेलचा दुसरा मोठा पट्टा आहे. तिकडच्या भिल्ल आणि पावरा समाजांत, तुमच्याकडच्या गोंड आणि माडिया समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुम्ही कोणत्या समाजाचे ते लिहिलेलं नाही आणि मला विचारायचंही नाही. दोघांचं रक्त तपासलं की विषय संपतो.

तुम्ही दोघं एएस निघालात, तर बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. एकशे नव्वदात एक ही गोष्ट ज्या घरात आठवडाभर झोप उडवते, त्याच घरात चारात एकची शक्यता कुणी तपासलेलीसुद्धा नसते. हे मी दर महिन्याला बघते. डबल मार्कर सगळ्यांना माहीत असतो, कारण तो छापील यादीत असतो. ‘तुमच्या घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का?’ हा प्रश्न विचारायला मात्र ओपीडीत तीन मिनिटंही उरत नाहीत.

आणि यजमानांना सांगा, एनआयपीटीत सिकलसेल कळत नाही. थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा अनुवांशिक आजारही कळत नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारी एनआयपीटी गुणसूत्रं मोजते. सिकलसेल हा बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक आहे. ग्रंथालयात पुस्तकं किती आहेत हे मोजणाऱ्या माणसाला एखाद्या पुस्तकातली छपाईची चूक सापडणार नाही, तसंच हे. ‘डीएनए टेस्ट’ हा शब्द मोठा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, बाळाची सगळी कुंडली निघणार. प्रत्यक्षात प्रत्येक तपासणी एक ठरावीक प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

म्हणून पहिलं काम हे, आणि उद्या सकाळीच: तुम्ही आणि यजमान दोघांचंही एचपीएलसी. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी ही रक्ताची साधी तपासणी आहे. खासगीत काही शे ते हजारभर रुपये लागतात आणि रिपोर्ट एकदोन दिवसांत येतो. सरकारी रुग्णालयांत सिकलसेलची तपासणी होते. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून आदिवासी भागांत ती अधिकच पोहोचली आहे. नुसती ‘सोल्युबिलिटी’ (सिकलसेलची झटपट चाचणी) करून थांबू नका, कारण ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही आणि थॅलेसेमियाचे वाहक तर तिच्यातून पूर्ण निसटतात. एक एएस आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक ही जोडीसुद्धा बाळाला आजार देऊ शकते. रिपोर्टवर एचबीए२ हा आकडाही असतो. तो साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाचे वाहक असण्याचा संशय घेतात. आपल्याकडे उल्हासनगर, पिंपरी, नागपूर इथल्या सिंधी समाजाला हे चांगलं माहीत झालं आहे, कारण त्यांनी फार भोगलं. बाकीच्यांना अजून नाही.

हा रिपोर्ट आधी का हवा, तर पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. तुम्ही दोघं, किंवा दोघांपैकी एक जण जरी नॉर्मल निघाला, तरी ही काळजी संपली. मग एनआयपीटीचा विचार करू. पण दोघंही वाहक निघालात, तर एनआयपीटीवर पैसे घालवू नका. त्या वेळी सुई लागणारच आहे, आणि एकदा सुई लागली की त्याच नमुन्यातून सिकलसेलचंही उत्तर मिळतं आणि गुणसूत्रांचंही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. गर्भातल्या सिकलसेल-थॅलेसेमियाच्या निदानाचा तिथे अनेक वर्षांचा अनुभव आहे. पुण्या-मुंबईतल्या खासगी प्रयोगशाळाही हे करतात.

आता तो १:१९०.

या आकड्याचा अर्थ असा: तुमच्यासारखेच आकडे आलेल्या १९० बायका एका सभागृहात बसवल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १८९ जणींच्या बाळांना नसेल. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० च्या आसपास रेघ मारतात. रेघेच्या अलीकडे लाल, पलीकडे हिरवं. २४९ आली की रडारड आणि २५१ आली की पेढे, असा हा प्रकार. रेघ सोयीसाठी मारलेली आहे, ती निसर्गाला माहीत नाही.

हा आकडा येतो कुठून? तुमचं वय, सोनोग्राफीतली एनटी, आणि रक्तातली दोन द्रव्यं: बीटा एचसीजी आणि पॅप-ए. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत साधारणपणे पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. हे सगळं एक सॉफ्टवेअर एकत्र करून शक्यता काढतं. त्यात जे भरलं जाईल तसंच बाहेर येणार. म्हणून रिपोर्ट उघडून आधी चार गोष्टी तपासा. वजन रक्त दिलं त्याच दिवशीचं लिहिलं आहे का? दिवस सोनोग्राफीवरून धरले आहेत की पाळीच्या तारखेवरून? एनटी हिशेबात घेतली आहे की नुसत्या रक्तावरून आकडा काढला आहे? जन्मतारीख बरोबर आहे ना? माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, वजन ७८ किलो आणि कागदावर ५८. चूक दुरुस्त करून पुन्हा हिशेब केला आणि लाल आकडा हिरवा झाला. आठ दिवसांचं रडणं एका अंकावर अवलंबून होतं.

तुमचा आकडा बरोबर आहे असं धरून पुढे जाऊ. त्याच रिपोर्टवर पॅप-ए च्या पुढे ‘एमओएम’ म्हणून एक आकडा असेल, म्हणजे तुमचं द्रव्य त्या दिवसांतल्या मध्यम आकड्याच्या किती पट आहे ते. तो ०.४ च्या खाली असेल, तर बाळाच्या गुणसूत्रांचा प्रश्न मिटल्यावरही डॉक्टरबाईंशी त्यावर बोला. कारण पॅप-ए वारेत (प्लासेंटात) तयार होतं, आणि ते फार कमी असणं हे कधीकधी पुढे बीपी वाढण्याचं किंवा बाळाचं वजन कमी राहण्याचं लक्षण असतं. ज्यांना तो धोका जास्त वाटतो त्यांना १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती तुम्हाला लागते का, हे तुमचं बीपी आणि बाकीचं बघून त्याच ठरवतील. स्वतःच्या मनाने घेऊ नका. डाउनच्या भीतीत हा मुद्दा नेहमी मागे पडतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एनआयपीटी म्हणजे काय? गरोदर बाईच्या रक्तात डीएनएचे सुटे, बारीक तुकडे तरंगत असतात. बहुतेक तिचे स्वतःचे, पण दहाव्या आठवड्यापासून साधारण दहा टक्के वारेतून आलेले. वारेतल्या पेशी सतत मरतात आणि त्यांचे तुकडे आईच्या रक्तात सांडतात. हे पहिल्यांदा दाखवलं ते डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ साली. तपासणी म्हणून बाजारात ती २०११ पासून आली. आईचे आणि वारेचे तुकडे एकमेकांपासून वेगळे काढत नाहीत. लाखो तुकडे वाचतात आणि कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा ते मोजतात. बाळात २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतील, तर २१ व्याचे तुकडे जरासे जास्त भरतात. वारेचा वाटा दहा टक्के असेल, तर जिथे १०० यायला हवेत तिथे १०५ येतात. एवढ्या सूक्ष्म फरकावर हे सगळं उभं आहे. म्हणूनच वारेचा वाटा साधारण चार टक्क्यांच्या खाली असेल तर प्रयोगशाळा ‘निष्कर्ष काढता आला नाही’ असं कळवते. आईचं वजन जास्त असेल तर असं अधिक वेळा होतं. अशा वेळी पुन्हा रक्त देता येतं. पण दुसऱ्यांदाही जमलं नाही तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं, कारण काही गुणसूत्रदोषांत वार लहान राहते आणि तिचा वाटा त्यामुळेच कमी भरतो.

माझ्या वाक्यांत ‘वार’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आहे. ही तपासणी वारेची आहे. वार आणि बाळ एकाच बीजापासून झालेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोघांत एकच गोष्ट असते. पण नेहमीच नाही. कधी दोष वारेपुरताच राहतो आणि बाळ निर्दोष असतं. कधी सुरुवातीला जुळी होती आणि त्यांतलं एक पहिल्या काही आठवड्यांतच विरून गेलेलं असतं, त्याचे तुकडे मागे राहतात. कधी फरक आईच्या स्वतःच्या पेशींत असतो. अगदी क्वचित, एकाच वेळी बऱ्याच गुणसूत्रांचं गणित बिघडलेलं दिसलं, तर आईच्या शरीरात कुठे गाठ आहे का हेही बघावं लागतं.

आता तुमच्यासाठी कागदावरचा हिशेब करू. डाउन सिंड्रोमसाठी एनआयपीटी शंभरातली ९९ बाळं पकडते आणि निर्दोष बाळांपैकी हजारात साधारण एकाला चुकून दोषी ठरवते, असं धरा. तुमच्यासारख्या, म्हणजे १:१९० आलेल्या, १,९०,००० बायकांनी ती केली. त्यांतल्या १,००० जणींच्या बाळांना डाउन असेल, ९९० पकडली जातील, १० निसटतील. उरलेल्या १,८९,००० निर्दोष बाळांपैकी १८९ जणांवर चुकून शिक्का बसेल. म्हणजे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, तर तो खरा असण्याची शक्यता शंभरात सुमारे ८४. ‘निगेटिव्ह’ आला, तर आपलं बाळ त्या निसटलेल्यांपैकी असण्याची शक्यता सुमारे १९ हजारांत एक. हीच तपासणी पंचविशीतल्या, काहीही धोका नसलेल्या मुलीने हौसेने केली आणि तिची मूळ शक्यता हजारात एक असली, तर तिच्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ निम्मा-निम्मा होतो. तपासणी तीच, रसायनं तीच, यंत्र तेच. जाहिरातीत ‘९९ टक्के अचूक’ छापतात तेव्हा हा भाग छापत नाहीत.

एडवर्ड्स म्हणजे १८ वं आणि पटाऊ म्हणजे १३ वं गुणसूत्र. एनआयपीटी त्यांचाही अंदाज देते, पण ते आजार अधिक दुर्मीळ आहेत, त्यामुळे तिथे खोटी घंटा जास्त वेळा वाजते. तेराव्याच्या बाबतीत तर फारच. सातएक वर्षांपूर्वी २७ वर्षांची एक मुलगी आली होती, १३ वं गुणसूत्र पॉझिटिव्ह. घरातल्या वडीलधाऱ्यांनी गर्भपाताच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. पाण्याच्या तपासणीत गुणसूत्रं नॉर्मल आली, दोष वारेपुरता होता. ते बाळ आता शाळेत जातं. एनआयपीटीच्या एकट्या कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घ्यायचा नाही, आणि याला माझ्याकडे अपवाद नाही. पॉझिटिव्ह आली की सुईने खात्री करायचीच.

मग निगेटिव्ह आली तर काळजी मिटली का, हा पुढचा सरळ प्रश्न. डाउनची जवळजवळ मिटली. बाकीची नाही. शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मतः काहीतरी मोठं व्यंग असतं: हृदयातलं छिद्र, मणक्यातली फट, मूत्रपिंडाचा दोष, फाटलेला टाळा. यांतल्या बहुतेकांचा गुणसूत्रांच्या संख्येशी संबंध नसतो, आणि ती एनआयपीटीत दिसत नाहीत. ती दिसतात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत. साताऱ्याकडचं एक जोडपं आठवतं. ‘डीएनए नॉर्मल आहे’ म्हणून त्यांनी ती सोनोग्राफी केलीच नाही, आणि सातव्या महिन्यात वजन बघायला म्हणून केली तेव्हा मणक्याची फट दिसली. वीस हजारांची तपासणी केली आणि दोन-तीन हजारांची सोडली.

आणखी एक. रक्त द्यायला गेलात की काउंटरवर तीन पॅकेजं दाखवतील. साधं, ‘प्लस’, आणि सगळ्यात महाग, ज्यात गुणसूत्रांचे बारीक तुकडे गळाल्यामुळे होणारे पाच-सात आजार आणि बाकीची सगळी गुणसूत्रं असतात. आजार जितका दुर्मीळ, तितका पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटा असण्याचा संभव जास्त. वरचा हिशेब लाखात पाच बाळांच्या आजारासाठी करून बघा, म्हणजे कळेल. तुमच्यासाठी साधंच पुरेसं आहे. साधारण दहा ते पंचवीस हजारांपर्यंत प्रयोगशाळेप्रमाणे दर बदलतो. उपाशी जायची गरज नाही. रक्त खास नळीत घेतात आणि ती नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते. लहान गावांतून नमुने पाठवताना हे चुकतं, पुण्यात सहसा नाही. रिपोर्ट सात ते दहा दिवसांत येतो.

काही बायकांना मात्र मी एनआयपीटी करूच नका, सरळ सुई घ्या असं सांगते. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, सोनोग्राफीत बाळात काही व्यंग दिसत असेल, किंवा डबल मार्करचा आकडा १:१०, १:२० असा टोकाचा असेल, तर एनआयपीटी ज्यांना बघतच नाही असे गुणसूत्रदोष त्यांच्यात बरेच असतात. घरात आधीचं मूल डाउनचं असेल, तर आधी त्या मुलाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट काढून बघावा लागतो. शंभरातल्या तीन-चार मुलांत जादाचं २१ वं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, आणि ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं. तुमच्याकडे यांतलं काही नाही. एनटी १.६ छान आहे.

सासूबाईंच्या सुईबद्दल. त्यांची भीती हवेतली नाही. त्यांच्या ऐकण्यातला काळ वेगळा होता, आणि आम्ही स्वतः अनेक वर्षं ‘दोनशेत एक गर्भपात’ असं सांगत आलो. २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात पाण्याच्या तपासणीमुळे होणारे जादा गर्भपात हजारात एकाच्या आसपास आणि वारेचा तुकडा काढण्यामुळे हजारात दोनच्या आसपास निघाले. ‘जादा’ हा शब्द सोडू नका. त्या आठवड्यांत काही गर्भपात तपासणी न करताही होतातच. अर्थात हे आकडे रोज हे काम करणाऱ्या हातांचे आहेत. म्हणून डॉक्टरांना बेधडक विचारा, ‘तुम्ही महिन्याला किती करता?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रत्यक्षात घडतं ते असं. वारेची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत, पाण्याची साधारण १६ आठवड्यांपासून. सोनोग्राफीवर बघत बघत पोटातून बारीक सुई घालतात. पाणी १५ ते २० मिलिलीटर, म्हणजे तीन-चार चमचे. ते पुन्हा भरून येतं. दुखणं इंजेक्शनपेक्षा थोडं जास्त, मिनिटभर. भूल लागत नाही, दिवसभर आराम केला की झालं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि यजमानांचा पॉझिटिव्ह असेल, तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं, ते विसरू देऊ नका. २१, १८, १३ चं प्राथमिक उत्तर तीन-चार दिवसांत येतं, पूर्ण गुणसूत्रांचं दोन ते तीन आठवड्यांत. सासूबाईंना सोबत घेऊन एकदा समुपदेशनाला या असं मी नेहमी सांगते. घरी बसून विरोध करणाऱ्या सासवा समोर बसल्या की सगळ्यात नेमके प्रश्न विचारतात, असा माझा अनुभव आहे.

नणंदेबद्दल. अमेरिकेत ते सांगतात, कारण तिथे त्याला बंदी नाही. आपल्याकडे आहे, आणि ती का आहे हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये कडक झाला. तरीही सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये राज्यात ८९४ झाल्या, बीडमध्ये ८०७. पाण्याची तपासणी आपल्याकडे ऐंशीच्या दशकात पसरली तीच मुळी डाउन सिंड्रोमपेक्षा या कामासाठी जास्त. गंमत अशी की १९९७ च्या त्या शोधातही आईच्या रक्तात शोधलं होतं ते मुलाचं वाय गुणसूत्रच. दुसरं काही आईच्या डीएनएपासून ओळखता येणं तेव्हा अवघड होतं. त्यामुळे माहिती यंत्रात असते, पण भारतातल्या रिपोर्टवर ती येत नाही, सुईनंतरच्या गुणसूत्रांच्या रिपोर्टवरही ती झाकलेली असते. सांगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तपासणी करून मागणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही. बाईवर जबरदस्ती झाली असंच कायदा आधी धरतो. तुम्ही ते विचारलेलं नाही, हे मला कळतं. पण प्रयोगशाळेत कुणी सहज विषय काढला, तर यजमानांनी तिथे हसून मान डोलावू नये, एवढ्यासाठी लिहिलं. हिमोफिलियासारख्या लिंगाशी जोडलेल्या आजारांसाठी कायद्यात वाट आहे, ती वेगळी गोष्ट.

आता वेळेचं गणित. एनआयपीटीचं रक्त येत्या दोन-तीन दिवसांत दिलंत, तर रिपोर्ट साधारण चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात. पॉझिटिव्ह आलीच तर सोळाव्यात पाणी, सतराव्यापर्यंत प्राथमिक उत्तर, एकोणिसाव्यापर्यंत पूर्ण. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. २००८ साली मुंबईच्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयातला दोष उशिरा कळला आणि उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. आज घाई तेवढी नाही. तरी अठराव्या आठवड्यात ठरवणं आणि तेविसाव्यात ठरवणं यांत बाईच्या मनाला आणि शरीराला किती फरक पडतो, ते मी पाहिलं आहे.

पण ठरवायचं काय, हे तुम्ही दोघांनी रक्त द्यायच्या आधी एकदा बोलून घ्या, रात्री, बाकीचे झोपल्यावर. काही जोडपी म्हणतात, काहीही निघालं तरी मूल ठेवणार, मग त्यांना तपासणी फक्त तयारीसाठी हवी असते. काही म्हणतात, आमच्याच्याने होणार नाही. दोघांनाही मी चूक म्हणत नाही. डाउनचं मूल म्हणजे काय, हे ठरवण्याआधी माहीत मात्र असावं. निम्म्याच्या आसपास मुलांत हृदयाचा दोष असतो, बऱ्याच वेळा शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होतो. शिकणं हळू असतं, पण प्रत्येकाचं वेगवेगळं. काही जण शाळेत जातात, हिशेब करतात, साधं काम सांभाळतात, काहींना कायम कुणीतरी लागतं. चांगली काळजी मिळाली तर माणूस पन्नाशी-साठीपर्यंत जगतो, म्हणजे आईवडिलांच्या मागेही. तुम्हाला हवं असेल तर अशा मुलांच्या पालकांशी गाठ घालून देणारे समुपदेशक असतात. त्यांनी सांगितलेलं माझ्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

तर तुमचा क्रम असा. उद्या दोघांचं एचपीएलसी, आणि त्याच फेरीत डबल मार्करच्या रिपोर्टवरचं वजन आणि तारीख तपासून घ्या. परवा-तेरवा रिपोर्ट येईल तेव्हा तुम्ही तेराव्या आठवड्यात असाल, म्हणजे वारेच्या तपासणीची वेळ अजून हातात असेल. दोघं एएस निघालात तर तो रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे जा आणि एनआयपीटीऐवजी वारेची तपासणी मागा, सिकलसेल आणि गुणसूत्रं एकाच नमुन्यात. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे तपासायला प्रयोगशाळा तुमचं दोघांचं रक्तही मागेल, ते द्या. दोघांपैकी एक जण जरी नॉर्मल असेल तर साधी एनआयपीटी, तीही लगेच. तुम्ही एएस निघालात आणि यजमान नॉर्मल, तरी चंद्रपूरला फोन करून बहीण-भावंडांना सांगा. त्यांची लग्नं व्हायची असतील तर त्यांनाही तपासून घेऊ द्या. आणि १९ व्या आठवड्याची सोनोग्राफी आजच नोंदवून ठेवा. चांगल्या ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही.